इंग्रजीतून योग : धार-देवासचे धागे

धार. येथील परमार राजा भोज (११वे शतक) याच्या नावावर असलेली, पातंजल योगसूत्रांवरील ‘राजमार्तंड’ ही वृत्ती संक्षिप्त व सुगम असल्यामुळे, सूत्रे इंग्रजीत आणताना जेम्स बॅलंटाइन (१८५२-५३) आणि राजेंद्रलाल मित्र (१८८३) या उभयतांनी तिचाच आश्रय केला.

देवास. नारायण कुटी संन्यास आश्रमाचे विष्णुतीर्थ महाराज यांनी ‘देवात्मशक्ती’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. येथील परंपरा शक्तिपाताची, म्हणजे दीक्षाप्रधान. केवळ आसनांचा वर्ग हवा असणाऱ्या परदेशस्थाने हा भेद ध्यानी ठेवावा.

महाराष्ट्र.
• योगेंद्र : योग इन्स्टिट्यूट, वर्सोवा, १९१८.
• स्वामी कुवलयानंद : कैवल्यधाम, लोणावळे, १९२४, ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक इंग्रजीत.
• बी. के. एस. अय्यंगार, पुणे : ‘लाइट ऑन योगा’, १९६६.

परदेशी चौकशी करताना. अय्यंगार-पद्धतीच्या वर्गांत आसनांची नावे सर्वत्र संस्कृतच असतात; ‘अधोमुख श्वानासन’ लंडनमध्ये तेच, बर्लिनमध्येही तेच. परंतु टाच कोठे दाबावी, गुडघा किती ताणावा, श्वास केव्हा सोडावा या सूचना बहुधा त्या-त्या देशाच्या भाषेत दिल्या जातात. सबब नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकाच्या प्रमाणपत्राबरोबरच सूचनांच्या भाषेचीही विचारणा करावी.