जुळी एकबीज की द्विबीज? गर्भारपणातच कसे ओळखतात

एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन वाढणारी जुळी ती एकबीज आणि दोन स्वतंत्र बीजांपासून वाढणारी ती द्विबीज. मात्र सोनोग्राफीत बीज नव्हे, तर वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, आणि दोन गर्भांमधला पडदा दिसतो. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान हा पडदा पातळ असून वारेला काटकोनात मिळालेला दिसला, तर वार सामायिक असते आणि जुळी जवळजवळ निश्चितपणे एकबीज ठरतात. तेथे लॅम्डा चिन्ह म्हणून ओळखला जाणारा जाड त्रिकोणी उंचवटा असला, तर वारा दोन असतात. परंतु एकबीज जुळ्यांपैकीही सुमारे एक-तृतीयांश जुळ्यांच्या वारा वेगळ्या असल्यामुळे, 'दोन वारा म्हणजे द्विबीज' हा सर्रास सांगितला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दोन गर्भांचे लिंग वेगळे असणे हा द्विबीजतेचा भक्कम पुरावा असला, तरी १९९४ च्या कायद्याने भारतात गर्भाचे लिंग सांगण्यास, योग्य कारणानेच, बंदी आहे. म्हणून उरलेली शंका सहसा जन्मानंतरच्या डीएनए तपासणीने फिटते.

सामायिक वारेत एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहण्याचा धोका असल्याने, अशा गर्भवतीची सोनोग्राफी साधारण १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात. पालघर जिल्ह्यातील चारोटी आणि तलासरीच्या पाड्यांवरील स्त्रीची नोंदणी कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात पहिल्या तीन महिन्यांतच होणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे, कारण पुढे लॅम्डा चिन्ह पुसट होत जाते.