लंडनचं मत सोपं, भोपाळचं महाग

मुलं शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडला निघाली, की घरात याद्या होतात: गरम कपडे, मसाले, औषधं, कागदपत्रं. मतदारयादीची आठवण मात्र क्वचितच निघते. खरं तर या मुलांना दोन्हीकडे मत देता येतं.

आधी तिकडचं. भारत राष्ट्रकुलातला देश आहे, म्हणून वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या 18 वर्षांवरील भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. नोंदणी ऑनलाइन होते; मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत अर्ज पोहोचायला हवा. 2023 पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.

एका मताने काय होतं, असं वाटत असेल तर दादाभाई नौरोजी आठवा. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, तेही बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी.

आता इकडचं. 2011 पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म 6ए भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या भागात नाव नोंदवता येतं. आधीचं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांना, म्हणजे ओसीआय कार्डवाल्यांनाही, हा हक्क नाही.

अडचण पुढे येते. मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळलं. त्यामुळे 4 जुलै 2024 ला ब्रिटनमध्ये मत द्यायला जवळच्या केंद्रापर्यंत जाणं पुरेसं होतं. त्याआधी 7 मेला भोपाळमध्ये लोकसभेसाठी मत द्यायचं, तर विमानाचं तिकीट काढावं लागलं असतं.

तरीही नाव नोंदवून ठेवाच. सुट्टी आणि निवडणूक कधी जुळून येईल सांगता येत नाही, आणि यादीत नाव नसेल तर गावात असूनही घरी बसावं लागतं. फॉर्म 6ए भरल्यावर बीएलओ पडताळणीसाठी पासपोर्टवरच्या पत्त्यावर येतात. तेव्हा दार उघडणाऱ्या आजी-आजोबांना, आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.