शर्यतीपूर्वीची धडधड

अशी कल्पना करा, की हिवाळ्यातील सकाळ आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका शाळेच्या मैदानावर फक्कीने मार्गिका आखल्या आहेत. शंभर मीटरच्या अंतिम फेरीसाठी तुमचे नाव पुकारले गेले आहे. तुम्ही अजून एक पाऊलही धावलेला नाहीत. तरी छाती धडधडते आहे, तळहात ओले झाले आहेत, घशाला कोरड पडली आहे आणि पोटात गोळा आला आहे. शेजारच्या मार्गिकेतील मुलगा मात्र शांत दिसतो. मग मनात येते, ‘आपण घाबरलो! आता आपल्याच्याने काही होत नाही.’

कितीतरी शर्यती अशा, शिट्टी वाजण्यापूर्वीच हरल्या जातात. पण ही धडधड खरोखर भीतीची असते काय? आणि आपण जिला स्फूर्ती म्हणतो, ती कोठून येते?

शरीराची पूर्वतयारी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. आणीबाणीचा प्रसंग दिसताच मेंदू चेतातंतूंमार्फत तिला संदेश धाडतो आणि ती ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. हृदय जलद पडू लागते. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होऊन स्नायूंकडे वळतो, म्हणून पोटात गोळा आल्यासारखे वाटते. लाळ आटते, म्हणून घसा कोरडा पडतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली या स्थितीचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ अशा आशयाच्या शब्दांत केले.

म्हणजे पाहा, तुम्ही धावण्यापूर्वीच शरीराने धावण्याची सामग्री जमवून ठेवलेली असते! शेजारचा तो शांत मुलगाही बहुधा आतून असाच धडधडत असतो.

मग सर्वांनाच ती का मानवत नाही?

नॉर्मन ट्रिप्लेट या शास्त्रज्ञाने १८९८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने मुलांना गळाच्या दोरीची फिरकी गुंडाळावयास लावली, कधी एकट्याने, तर कधी दुसऱ्या मुलाशी चढाओढीने. चढाओढीत पुष्कळ मुलांचा वेग वाढला. पण काही मुलांचा मात्र उलट कमी झाला. त्यांच्या हालचाली गडबडीच्या झाल्या.

असे का व्हावे? १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून याचा धागा मिळतो. उंदरांना काळ्या व पांढऱ्या पेट्यांतील फरक शिकावयाचा होता. चुकल्यास विजेचा सौम्य किंवा तीव्र धक्का बसे. फरक सहज ओळखता येण्याजोगा असला, की तीव्र धक्क्याने उंदीर लवकर शिकत. तो ओळखणे कठीण केले, की मात्र मध्यम धक्काच चांगला ठरे. तीव्र धक्क्याने शिकणे रेंगाळे. सोपे काम उत्तेजना पचविते, कठीण काम तिने बिघडते.

यातच खेळाडूसाठी मोठा बोध आहे. स्पर्धेच्या दिवशी उत्तेजना कमी करणे फारसे आपल्या हाती नसते. पण कठीण काम सोपे करणे आपल्या हाती असते. त्याचा उपाय एकच, आणि तो आदल्या रात्री करता येत नाही. तो म्हणजे सराव.

पाण्यातील सात वर्षे

पुण्यात टेल्को कंपनीत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केलेल्या मुरलीकांत पेटकर यांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात काश्मीरमध्ये त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालच्या शरीरावरील ताबा गेला. मुष्टियोद्ध्याचे पाय म्हणजे त्याचे अर्धे बळ, तेच संपले.

मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांचे पोहणे सुरू झाले. त्यामागे आर्किमिडीजचेच तत्त्व आहे. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, तर प्लावक बलामुळे पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे एक-दशांश भारच उरतो. जमिनीवर जे पाय शरीर पेलू शकत नाहीत, त्यांचे ओझे पाणी पेलते. शिवाय मुक्त शैलीच्या पोहण्यात शरीर पुढे रेटण्याचे बहुतेक काम हातच करतात. मुष्टियोद्ध्याचे खांदे येथे कामी आले!

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले. पदक मिळाले नाही. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मात्र त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. त्यांच्या गटातील हा विश्वविक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक.

आता वही-पेन्सिल घ्या. ५० भागिले ३७.३३ म्हणजे सेकंदाला सुमारे १.३४ मीटर. त्याच वर्षी म्युनिच ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९५ मीटर वेगाने कापले. स्पिट्झला पायांची जोड होती. पेटकरांचे पाय पाणी मारीत नव्हते; उलट त्यांचा अवरोध हातांनाच ओढावा लागत होता. तरीही त्यांचा वेग स्पिट्झच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भरतो!

एवढा वेग एका सकाळच्या स्फूर्तीने येत नाही. १९६५ ते १९७२ ही सात वर्षे त्यामागे उभी आहेत. त्या पराक्रमाबद्दल पद्मश्री मिळावयास तर २०१८ साल उजाडले. म्हणजे मानसन्मानाच्या आशेवरच जी तग धरते, ती स्फूर्ती इतकी वर्षे पुरली नसती.

करून पाहा

शांत बसून अर्ध्या मिनिटातील नाडीचे ठोके मोजा. मग डोळे मिटून आपण शर्यतीच्या रेषेवर उभे आहोत, असे बारकाईने मनात आणा व पुन्हा मोजा. एकही स्नायू न हलविता अनेकांचे ठोके वाढलेले आढळतील. त्यानंतर दोन मिनिटे श्वास सावकाश आत घ्या, त्याहून सावकाश बाहेर सोडा आणि तिसऱ्यांदा मोजा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती मंदावते. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग घेऊन सर्वांच्या आकड्यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. आपण एकटेच धडधडत नाही, हे पाहूनच कित्येकांना धीर येईल.

आणखी एक गोष्ट. २०१४ साली अमेरिकेत ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी केलेल्या प्रयोगांत, गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी ‘मला हुरूप आला आहे’ असे स्वतःशी म्हणणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली झाली. धडधड तीच, फक्त तिचे नाव बदलले.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी रेषेवर छाती धडधडू लागली, की ओळख पटवून घ्या. शरीर आपले काम करीत आहे. त्या शक्तीला वाट मात्र आधीच्या सरावानेच खणून ठेवलेली असावी लागते. तुमची स्पर्धा कितव्या महिन्यात आहे? मग वाट खणण्यास आजच सुरुवात करा!