श्वास रुग्णाचा, ताल यंत्राचा

श्वासपटल खाली सरकते, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा फुप्फुसांत शिरते. हा आपला नेहमीचा श्वास. व्हेंटिलेटर याच्या उलट काम करतो. तो हवा दाबाने आत ढकलतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. यंत्रे अपुरी पडली, तेव्हा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून रुग्णांना जगवले. पिशवी दाबणाऱ्या हाताला रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न जाणवतो. यंत्राला तो कसा कळावा?

यंत्र त्यासाठी नळीतील दाबावर लक्ष ठेवते. रुग्णाने श्वास ओढायला सुरुवात केली की दाब घसरतो. ही घट, समजा, पाण्याच्या २ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतकी झाली की यंत्र हवा सोडते.

विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. फुग्याच्या तोंडाला बारीक नळी लावून पाहा. हवा निघायला किती वेळ लागतो! समजा, अशा रुग्णाची ६३ टक्के हवा बाहेर पडायला दीड सेकंद लागतो आणि उच्छ्वासाला तेवढाच वेळ मिळाला. मग ३७ टक्के हवा आत असतानाच पुढचा श्वास येतो. हवा साठत जाते आणि तिचा दाब आत अडकून राहतो.

हा दाब ८ सेंटिमीटर आहे असे माना. रुग्णाने आधी हे ८ भरून काढायचे, वर २ सेंटिमीटरची घट करायची, एकूण १०. थकलेल्या स्नायूंना ते जमत नाही. रुग्ण श्वास मागतो, पण यंत्राला कळतच नाही.

उपाय काय? पहिला म्हणजे श्वासनलिका रुंदावणारी औषधे आणि उच्छ्वासाला जास्त वेळ. वेळ दुप्पट केली तर ३७ टक्क्यांचे ३७ टक्के, म्हणजे सुमारे १४ टक्केच हवा उरते. दुसरा उपाय चमत्कारिक वाटेल: उच्छ्वासाच्या शेवटीही नळीत थोडा दाब ठेवायचा. तो ६ सेंटिमीटर ठेवला तर रुग्णाला १० ऐवजी ४ सेंटिमीटरच ओढावे लागतात.

पण त्याने हवा आणखी अडणार नाही का? धबधबा आठवा. खालच्या डोहातील पाणी वाढले, तरी ते कड्यापर्यंत येईतो वरचा प्रवाह मंदावत नाही. मात्र कडा ओलांडला की फुप्फुसे जास्त फुगतात. म्हणून हा दाब अडकलेल्या दाबापेक्षा कमीच ठेवतात.

घशात नळी असल्याने रुग्णाला बोलता येत नाही. पण वाया गेलेला प्रत्येक प्रयत्न पडद्यावरील आलेखात लहानशी खाच उमटवतो. डॉक्टर आणि परिचारिका ती खाच शोधतात आणि यंत्राचा ताल रुग्णाच्या तालाशी जुळवून घेतात.