पत्र्याखालचा उन्हाळा आणि विजेचे बिल





मागच्या वर्षी एप्रिलच्या एका दुपारी मी औंढ्याकडच्या एका आंध वाडीवर घरभेटीला गेले होते. घर पत्र्याचे, एकाच खोलीचे. आत चार महिन्यांचे लेकरू झोळीत होते आणि त्याची आई पदराने त्याला वारा घालत होती. छताला पंखा होता, पण तो बंद होता. मी पंख्याकडे पाहिले, तशी ती म्हणाली, "बाई, पंखा लावला तर बिल येतंय, नाही लावला तर लेकरू रडतंय. काय करावं ते तुम्हीच सांगा." फळीवरच्या डब्यात तीन महिन्यांची न भरलेली बिले होती. पुढच्या महिन्यात लाइन तोडतील, ही तिला भीती. नवरा ऊसतोडीहून नुकताच परतला होता आणि उचल फिटून हाती आलेले थोडे पैसे दुकानाच्या उधारीतच गेले होते.

त्या दिवशी मी प्रार्थना केली आणि परत आले. पण वाटेत एक गोष्ट मनाला टोचत राहिली. त्या घरावरचे पत्रे आम्हीच दिले होते. तीन वर्षांपूर्वी वादळात तिचे छप्पर उडाले, तेव्हा तुमच्याच देणग्यांतून आम्ही पत्रे वाटले. फोटो काढले, याच पत्रिकेत छापले आणि देवाचे आभार मानले. त्या पत्र्याखाली मे महिना कसा जाईल, याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. म्हणून या अंकात घर थंड कसे ठेवावे, बिल कसे उतरवावे आणि त्यासाठी कोणती छोटी दुरुस्ती करावी, हे समजेल अशा भाषेत लिहीत आहे. वाडीवरच्या घराला जे लागू आहे, ते शहरातल्या तुमच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरालाही लागू आहे.

आपली जुनी घरे थंड का असत?

मराठवाड्यात शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. या पांढऱ्या मातीचीच जुनी घरे असत. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा तुराट्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच आपले माळवद किंवा धाबे. मार्काच्या शुभवर्तमानात चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती माणसाला प्रभूसमोर खाली सोडले, ते छप्पर साधारण याच जातीचे होते. आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जाड माती हळू तापते. दुपारचे ऊन तिच्यात शिरून आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. पत्र्याचे उलटे आहे. तो अगदी पातळ, त्यामुळे ऊन पडताच तापतो आणि ती धग सरळ खाली फेकतो. तापलेल्या तव्याजवळ हात धरला की हात तव्याला न लावताही चटका जाणवतो, तसेच हे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली बसलेला माणूस नुसत्या गरम हवेत नसतो, तो तव्याखाली असतो. पंखा त्या छताजवळची गरम हवा खाली ढकलतो. म्हणून पंखा रात्रंदिवस फिरतो, बिल वाढते आणि आराम मात्र मिळत नाही. थंडीतही हाच पत्रा रात्री गार पडतो आणि लेकरे कुडकुडतात.

मग पुन्हा मातीचे माळवद घालावे का? नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले, ते आपण विसरलेलो नाही. दगड-मातीच्या भिंती आणि जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. लोक पत्र्याकडे वळले, त्यात ही भीतीही होती आणि ती खोटी नव्हती. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते. म्हणून पहिला नियम हा: छत थंड करायचे, पण जड करायचे नाही. पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवू नका. हुकचे बोल्ट आणि रबरी वायसर लावून ते खालच्या वाशांना आवळून घ्या. वायसर नीट बसला की त्याच भोकातून होणारी गळतीही थांबते.

छताला काय करावे?

पहिला उपाय पांढऱ्या रंगाचा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा शहर आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांत छते पांढरी करण्याचे काम झाले. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. स्लॅबवर चुना चालतो. चुन्याची कळी रात्री भिजत घालावी, सकाळी गाळावी, त्यात थोडा फेविकॉल किंवा घट्ट खळ मिसळावी आणि दोन-तीन हात द्यावेत. कळी भिजताना पाणी उकळते, म्हणून लेकरांना लांब ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. पत्र्यावर चुना पावसात धुऊन जातो. तिथे ऊन परत फेकणारा, बाहेरून लावायचा पांढरा रंग घ्यावा. तो महाग असतो, पण जास्त टिकतो. रंग देण्याआधी पत्रा घासून गंज आणि धूळ काढावी, नाहीतर त्याचे पापुद्रे सुटतात. पत्र्यावर चढताना फळी टाकून वाशावरच पाय द्यावा.

दुसरा उपाय आतल्या छताचा. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात. पत्र्याची धग तट्टीवर अडते, माणसापर्यंत येत नाही. मधली जागा मात्र कोंडू नये. दोन्ही टोकांना वर जाळी लावून वाट ठेवावी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. तट्टी चुलीच्या वर बांधू नये आणि तिच्यातून विजेची उघडी वायर नेऊ नये. काही जण पत्र्यावरच कडबा किंवा पऱ्हाट्या पसरतात. त्याने सावली होते हे खरे, पण चुलीची एक ठिणगी पुरते. तो धोका घेऊ नये.

तिसरा उपाय सावलीचा, आणि तो जवळजवळ फुकट आहे. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडते. त्या बाजूला मांडव घालून दोडका, कारले, वाल यांचे वेल चढवावेत. पावसाळ्यात कडुनिंब किंवा शेवगा लावावा.

चौथा उपाय खिडकीचा. दिवसा दहा वाजता खिडक्या झाकाव्यात, सूर्य मावळला की उघडाव्यात. आपल्याकडे बहुधा उलटे होते. रात्री डास आणि चोराच्या भीतीने घर बंद, दिवसा उघडे. पक्का गज आणि डासांची जाळी बसवली की रात्रीचा गार वारा आत घेता येतो.

आता बिलाकडे

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा. असे दोन पंखे रोज वीस तास चालले तर रोज तीन युनिट आणि महिन्याला ९० युनिट नुसत्या पंख्यांचे. त्यात दिवे आणि टीव्ही मिळवला की १०० चा आकडा सहज ओलांडतो. तिथेच खरी मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यातल्या प्रत्येक युनिटला त्याहून बराच जास्त दर लागतो. म्हणून शंभरापुढचे वीस-तीस युनिट वाचले तरी बिलात लगेच फरक दिसतो.

नवीन बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉटमध्ये चालतो. वरच्या हिशेबाने दोन पंख्यांचे ९० युनिट ३६ वर येतात, म्हणजे महिन्याला ५४ युनिट वाचतात. हा पंखा साध्यापेक्षा महाग आहे. म्हणून आधी एकच, सर्वांत जास्त चालणारा पंखा बदलावा. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब अजून असेल तर त्याच्या जागी ९ वॉटचा एलईडी लावावा. 'झिरो बल्ब' हे नुसते नाव आहे. जुन्या पद्धतीचा झिरो बल्ब १२ ते १५ वॉट खातो. पंखा हळू फिरत असेल तर पाती पुसा आणि कंडेन्सर बदलून घ्या. थोडक्या पैशात पंखा नव्यासारखा फिरतो.

मीटरचीही तपासणी करा. घरातले सगळे दिवे, पंखे आणि चार्जर बंद करून मीटरसमोर उभे राहा. मीटरवरचा लाल दिवा तरीही थांबून थांबून लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी जात आहे. वायर ओल्या भिंतीला लागलेली असते, जोड उघडा असतो किंवा शेजारी कुणी आपल्याच लाइनवर असतो. बिलावरचे रीडिंग आणि मीटरवरचे रीडिंग जुळते का, तेही पाहा. सरासरीचे बिल आले असेल तर मीटरचा फोटो काढून लेखी तक्रार द्या.

एक कळकळीची सूचना. पत्र्याचे घर आणि लोखंडी कूलर यांना अर्थिंग नसेल तर ते जीव घेतात. कूलरमध्ये पाणी भरताना आधी पिन काढा. जोडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून भागवू नका. वायरमनकडून अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारे ईएलसीबी बसवून घ्या. हा खर्च बिल वाचवण्याचा नाही, माणूस वाचवण्याचा आहे.

घरकुल बांधताना

पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे लागते. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजना आहे, तिची चौकशी कळमनुरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते. पैसे तेवढेच, पण खिडक्या समोरासमोर ठेवणे, पश्चिमेला खिडकीऐवजी भिंत आणि वर छज्जा ठेवणे, छत थोडे उंच घेणे, हे पाया खणण्याआधी ठरवले तर फारसा जास्त खर्च होत नाही.

या संदर्भात लॉरी बेकर यांची आठवण येते. हे ख्रिस्ती वास्तुविशारद १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले आणि इथलेच झाले. हिमालयात पिठोरागडच्या डोंगरी लोकांत त्यांनी पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह अनेक वर्षे काढली. तिथल्या साध्या घरांपासून आपण शिकलो, असे ते मानत. पुढे केरळात त्यांनी गरिबांसाठी कमी खर्चाची, हवेशीर घरे बांधली. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचे काम नसते, तिथे ते मातीची कौले घालत. त्याने सिमेंट वाचे, वजन कमी होई आणि घर थंड राही. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकवायला आलेला माणूस शिकून गेला, हा धडा आम्हा सेवकांना आजही लागू आहे.

त्या घराचे काय झाले?

मे महिन्यात आम्ही तिथे परत गेलो. आधी मीटर पाहिला. सगळे बंद केले तरी दिवा लुकलुकत होता. न्हाणीजवळची वायर ओल्या भिंतीत उघडी पडलेली सापडली. ती बदलली. तरुण संघाच्या मुलांनी पत्रा घासून पांढरा केला. तट्ट्या वाडीतल्याच एका आजोबांनी विणल्या आणि त्यांना त्याची मजुरी दिली. थकलेले बिल हप्त्यांनी भरण्याची परवानगी घेतली. जूनचा वापर शंभराच्या आत आला. घर काही महाबळेश्वर झाले नाही, दुपारी अजूनही उकडते. पण आता पंखा फिरतो आणि लेकरू त्याखाली झोपते.

आमच्या नरसीला नामदेवांचे जन्मगाव म्हणून दुरून शीख यात्रेकरूही येतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात शेजारीण नामदेवांना विचारते की तुझे छप्पर कुणी शाकारून दिले. गरिबाच्या छपराची चौकशी करणारी ती शेजारीण मला फार जवळची वाटते. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायातही आळसामुळे छप्पर खचते आणि घर गळते, असा इशारा आहे. आम्ही आळस केला तो हाताचा नव्हता, विचाराचा होता. देऊन झाले की आपले काम संपले, असे आम्ही समजलो.

या उन्हाळ्याआधी आम्ही पत्रे दिलेल्या प्रत्येक घरी जाऊन छत, वायर आणि मीटर पाहणार आहोत. तुमच्या मंडळीत वायरमन, रंगारी किंवा सुतार असतील तर त्यांचा एक शनिवार आम्हाला द्या. पैशाइतकीच त्यांच्या हातांची गरज आहे. आणि आज घरी गेल्यावर आपले सगळे दिवे बंद करून एकदा मीटरसमोर उभे राहा. प्रभूने दिलेल्या घराचे चांगले कारभारीपण तिथूनही सुरू होते.

तुमची सेवेतील बहीण,
नरसी नामदेव