‘नाही’ ऐकण्याचे धैर्य

जबलपूर शहरातील राइट टाउन या वस्तीचे नाव इंग्रजी आहे. परंतु तेथल्या मराठी घरात कुणी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ फिरवला, तर ‘ध चा मा केला’ असेच म्हटले जाईल. वस्तीचे इंग्रजी नाव आणि ही मराठी उक्ती यांचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. तो संबंध शनिवारवाड्यातील एका हत्येमधून जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ या नाटकातून ती कथा रंगभूमीवर आणली. चांगले नेतृत्व कोणते आणि वाईट कोणते, याचा इतका स्वच्छ उलगडा करणारी शोकान्त नाटके मराठीत थोडीच आहेत.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले आणि पेशवेपद त्यांच्या धाकट्या भावाकडे, नारायणरावाकडे आले. नारायणराव त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. चुलते रघुनाथराव यांना ते साहवेना. पुढे ते वाड्यातच नजरकैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावाची हत्या केली. रघुनाथरावांच्या हुकमात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. अक्षर खरोखर कुणी बदलले, याचा निवाडा इतिहासाने करावा. नेत्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळाच आहे. आपल्या नावाने निघालेल्या कागदाची जबाबदारी ज्याला दुसऱ्याच्या लेखणीवर ढकलावीशी वाटते, त्याने पुढारीपण मनातून केव्हाच सोडलेले असते.

रघुनाथराव भ्याड होते, असे कुणीही म्हणणार नाही. १७५८ साली मराठ्यांची निशाणे अटकेपर्यंत नेणारे ते सेनापती. शौर्य होते, कर्तृत्व होते, कुळ होते. मग उणे काय होते? आपल्या तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस त्यांना जवळ नको होता. महत्त्वाकांक्षेला ‘होय’ म्हणणारी माणसे भोवती जमली, की शूर पुरुषाचाही तोल कसा जातो, हे या नाटकात दिसते.

त्यांच्यासमोर उभे राहतात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांच्यापाशी ना फौज, ना खजिना. नव्या पेशव्याला पुतण्याच्या वधाबद्दल देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी शिक्षा नाही, असे सांगून ते पुण्याचे पद सोडून जातात. निकाल अमलात आणण्याचे बळ नसतानाही तो उच्चारणे, आणि उच्चारल्यावर त्याच दरबाराच्या पगारावर न राहणे, हेच त्यांचे नेतृत्व. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत असा मनुष्य दरबारात मानाने नांदला. रघुनाथरावांच्या दरबारात त्याला जागा उरली नाही. दोन राज्यकर्त्यांतील अंतर मोजण्यास याहून वेगळे माप कशाला हवे?

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे स्मरण येथे सहज होते. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ या नावाने ते नाटक मराठीत आणले. त्यात खून झालेल्या राजाचा पुत्र माल्कम हा सरदार मॅकडफची परीक्षा पाहतो. आपण लोभी, विषयासक्त, सर्वथा नालायक आहोत, असे तो खोटेच सांगतो. मॅकडफ आधी सावरून घेतो. पण अखेर ‘असा राजा राज्य करण्यास तर नव्हेच, जगण्यासही योग्य नाही’, या अर्थाचे स्पष्टपणे बोलतो, आणि तेव्हाच माल्कमचा त्याच्यावर विश्वास बसतो. चांगला नेता नकार देणाऱ्यास शोधतो. वाईट नेता त्यास घालवून देतो.

पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी नारायणरावाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या बाळाच्या नावे कारभार हाती घेतला. रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस इंग्रजांशी तह केला, आणि घरच्या भांडणात परका पंच झाला. त्यातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी जबलपूरचा मुलूख घेतला खरा. पण १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी पेशवाई इंग्रजांच्या हवाली केली. राइट टाउनसारखी नावे नर्मदेच्या परिसरात आली, ती या वाटेने.

खाडिलकरांनी हे नाटक लिहिले तेव्हा १९०७ साली त्याच सुरतेस काँग्रेस दुभंगली होती आणि लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दुहीची कथा प्रेक्षकांना जुनी वाटण्याचे कारणच नव्हते.

आजही नाही. पेशवाई गेली, तरी घराचा कर्ता, गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष, शाळेचा मुख्याध्यापक, उत्सव मंडळाचा चिटणीस, असे लहानमोठे नेते गावोगाव आहेत. वडिलांनी ठरवलेला व्यवहार चुकीचा वाटतो, असे मुलीला जेवताना सांगता येते काय? हिशेबातील चूक दाखवणाऱ्या सभासदाला पुढच्या सभेचे बोलावणे जाते काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने आपल्याशी द्यावीत. रामशास्त्री प्रत्येक घरात जन्मतातच. त्यांना घर सोडून जावे लागू नये, एवढे पाहणे कर्त्या माणसाच्या हाती असते.