अठरा टिंबांची वाघोली

डोळे घट्ट मिटा. चोरून बघायचं नाही हं! आता सांगा, पुण्याच्या नगर रस्त्यावर समोर येऊन थांबलेल्या बसची पाटी कुठली? वाघोलीची की दुसरीकडची? नाही ना कळत? रंगवलेली अक्षरं बोटाला लागतच नाहीत.

पण 'वाघोली' हे नाव बोटांनी वाचता येतं. चला, लिहूनच बघू. सहा अंड्यांचा ट्रे उभा धरलाय असं समजा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक घरात टिंब असेल, नाहीतर नसेल. एवढ्यावर ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात! हीच ब्रेल लिपी.

'व' म्हणजे १-२-३-६. त्याला काना कसा द्यायचा? ब्रेलमध्ये काना-वेलांटी नसतेच, सरळ पुढे 'आ' लिहायचा: ३-४-५. मग 'घ' १-२-६, 'ओ' १-३-५, 'ल' १-२-३ आणि 'ई' ३-५. मोजा बरं टिंबं. अठरा! जाड कागदावर दाभणाने टोचून बघा. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. टिंबं कागदाच्या पलीकडे उठतात, म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि प्रत्येक खूणही आरशातल्यासारखी उलटी काढायची.

ही लिपी लुई ब्रेल या फ्रेंच मुलाची. तो ३ वर्षांचा असताना वडिलांच्या चामडीकामाच्या दुकानात खेळत होता. तिथलं टोकदार हत्यार डोळ्याला लागलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८२४ साली, अवघ्या १५व्या वर्षी, त्याने ही लिपी तयार केली. तीही तशाच टोकदार हत्याराने टोचून लिहायची! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आपल्याकडे मात्र बराच काळ एकेका भागाची ब्रेल वेगळी होती. इथलं पुस्तक तिथल्या मुलाला वाचता येईना. म्हणून १९४९ साली भारताने युनेस्कोची मदत मागितली. पॅरिस आणि बैरूतला देशोदेशीचे जाणकार एकत्र बसले. त्यांच्यात न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी होते. पहिल्या महायुद्धात त्यांची दृष्टी गेली होती. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरली. आता मराठी 'क' १-३, तमिळ 'क' १-३, बंगाली आणि गुजराती 'क'सुद्धा १-३! पुण्यातल्या मुलीचं बोट गुजराती पुस्तकातली अक्षरंही ओळखतं. तुम्हाआम्हाला डोळ्यांनी ते जमतं का?

बोटाला एवढं कळतं तरी कसं? दोन टूथपिक अगदी जवळ धरून मित्राच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा. मग तशाच पाठीला लावा. बोटाला दोन टोकं कळतील, पाठीला एकच वाटेल. ब्रेलची टिंबं जेमतेम अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, पण बोटाला तेवढं पुरतं. त्याहून नवल मेंदूचं. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचतात, तेव्हा मेंदूचा जो भाग एरवी बघायचं काम करतो तोही कामाला लागतो!

मराठीत 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झालं. पण बातम्या वाचणाऱ्या त्या बोटांना आपल्या गावाची बस कुठे थांबते, हेही कळायला हवं ना? शाळेत तुमच्या शेजारी बसणाऱ्या दृष्टिहीन मित्राला थांब्याचं नाव दुसऱ्या कुणाला विचारावं का लागावं?

अठरा टिंबांची वाघोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब होते, तुमच्या करंगळीपेक्षाही आखूड. थांब्याच्या खांबावर एवढी जागा नक्की असते. उद्या बघून या.